पेंडलटनचे बिनपगारी कारभारी

परभाषेतील मजकूर मराठीत आणणाऱ्याला कधी कधी एखादा लहानसा शब्दच अर्धा दिवस अडवून धरतो. 'रोडिओ' हा शब्द त्यांपैकी एक होय. 'गुराख्यांचे खेळ' म्हणावे, तर आपल्या डोळ्यांपुढे विटीदांडू आणि सूरपारंब्या उभ्या राहतात. 'घोड्यांच्या शर्यती' म्हणावे, तर ते खरे नव्हे. अशा वेळी शब्द तसाच ठेवावा आणि त्याची हकीकत सांगावी, हेच शहाणपणाचे.

शब्द मूळचा स्पॅनिश. वेढणे, भोवती फिरणे, हा त्याचा धात्वर्थ. अमेरिकेच्या पश्चिम भागात एके काळी कुंपण नसलेल्या विस्तीर्ण कुरणांवर गुरे महिनोन्महिने मोकळी चरत असत. ठराविक मोसमात घोड्यांवर बसलेले काउबॉय त्यांना चहूकडून वेढून एकत्र आणीत, वासरांना मालकाच्या खुणेचा डाग देत आणि विक्रीची जनावरे वेगळी काढीत. उधळणाऱ्या घोड्याला वठणीवर आणणे, धावत्या वासराच्या गळ्यात अचूक फास टाकणे, ही या धंद्यातील रोजची कौशल्ये. काम आटोपले की त्यांतच चढाओढ लागे. पुढे कामाचा खेळ झाला, खेळाचा मेळा झाला आणि मेळ्याला तिकीट लागले, असा हा थोडक्यात इतिहास.

परंतु आज मला सांगावयाचे आहे ते खेळाविषयी नव्हे, तर मेळा चालविणाऱ्यांविषयी. उसळत्या घोड्यावरील स्वाराचे छायाचित्र जगभर छापले जाते. रिंगणाची वाळू कोणी सारखी केली, बक्षिसाची रक्कम कोणी उभी केली, पाहुण्यांची सोय कोणी लावली, हे मात्र कोणी विचारीत नाही. आपल्याकडील जत्रा-उत्सवांचीही तीच गत आहे. म्हणून या खेपेस अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील पेंडलटन या गावी जाऊ. तेथील मेळ्याचे नाव 'राउंड-अप', म्हणजे पुन्हा तेच, चहूकडून गोळा करणे. 1910 साली सुरू झालेला हा मेळा अद्याप गावातील मंडळी बिनपगारी चालवीत आली आहेत.

पेंडलटन हे उमाटिल्ला नदीच्या काठचे गाव. आजही त्याची वस्ती सतरा हजारांच्या आसपास आहे. भोवताली गव्हाची शेते आणि मेंढरांची कुरणे. गावात लोकरीची गिरणी. शेजारीच उमाटिल्ला, केयूस आणि वाला वाला या तीन मूळनिवासी जमातींचा राखीव प्रदेश आहे. 1855 च्या करारान्वये या जमातींनी आपली फार मोठी भूमी सोडून दिली आणि उरलेल्या तुकड्यावर त्या राहू लागल्या. ही गोष्ट ध्यानी ठेवावयास हवी, कारण गाव आणि शेजारी यांच्यातील नात्याला ही पार्श्वभूमी आहे.

1909 च्या जुलै महिन्यात, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, गावकऱ्यांनी एक साधा समारंभ केला. घोड्यांच्या शर्यती, उधळ्या घोड्यांवरील स्वारी, मूळनिवासींची नृत्ये, पोत्यात पाय घालून पळणे, अंगाला चरबी चोपडलेले डुक्कर पकडणे आणि रात्री आतषबाजी, असा एकंदर थाट होता. लोकांना तो इतका रुचला की दरसाल असे काही व्हावे, ही कल्पना मूळ धरू लागली. पुढच्या वर्षी जुलैमध्ये रीतसर संस्था नोंदविण्यात आली. तिचे नाव लांबलचक होते. परंतु तिच्या घटनेतील एक गोष्ट मोलाची होती. संस्थेने नफा वाटून घ्यावयाचा नाही. 29 सप्टेंबर 1910 रोजी पहिला मेळा भरला, तेव्हा दुकानदारांनी दुकानांना कुलपे लावली आणि सात हजार प्रेक्षक जमले.

आता या संस्थेचे धुरीण कोण होते ते पाहू. रोडिओचे पुढारी म्हणजे फास फिरविणारे, रांगड्या बोलीचे काउबॉय असतील, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पहिले अध्यक्ष रॉय रॅली हे तरुण वकील होते. संस्था नोंदविणे, घटना लिहिणे, करार करणे या गोष्टी त्यांच्या व्यवसायातल्याच. पण त्यांच्यापाशी वकिलाच्या कागदांत न मावणारी आणखी एक देणगी होती. ती म्हणजे कल्पकता. दिवसाचे खेळ संपल्यावर हजारो पाहुण्यांनी रात्री करावे काय, हा प्रश्न निघाला, तेव्हा 1914 पासून 'हॅपी कॅन्यन' नावाचा रात्रीचा खेळ सुरू झाला आणि तो रचण्यात रॅली यांचा मोठा हात होता. 1916 मध्ये त्यात मूळनिवासींच्या जीवनाचा भाग जोडण्यात आला. या कामी राखीव प्रदेशातील ॲना मिन्थॉर्न वानासे या स्त्रीचे साहाय्य झाले. वकिलाने लिहिलेले नाटक गावकरी आणि त्यांचे शेजारी मिळून शंभरांहून अधिक वर्षे करीत आले आहेत, हे नवल खरेच.

दुसरे गृहस्थ रॉय बिशप. त्यांच्या कुटुंबाने 1909 मध्ये गावातील बंद पडलेली लोकरीची गिरणी घेतली. त्यांच्या मातोश्री विणकाम व्यवसायातील घराण्याच्या कन्या. गिरणीत रंगीत नक्षीची जी कांबळी निघत, त्यांचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे मूळनिवासी जमाती. त्यांच्याकडे कांबळ्याला केवळ पांघरुणाचे नव्हे, तर मानाच्या आहेराचे मोल. मेळ्याला त्यांना सन्मानाने बोलावण्याच्या कामी बिशप यांनी पुढाकार घेतला. व्यापारातून जडलेली ओळख येथे उपयोगी पडली. जमाती आल्या त्या आपले तंबू आणि आपले घोडे घेऊन. आजही मेळ्याच्या दिवसांत रिंगणालगत त्यांच्या सुमारे तीनशे उंच निमुळत्या तंबूंचे एक गावच वसते. यात व्यापाऱ्याचा स्वार्थ नव्हता काय? होताच. परंतु ज्या काळी गोऱ्या वस्तीत मूळनिवासींना दूर ठेवण्याकडे कल होता, त्या काळी त्यांच्यावाचून मेळा पुरा होत नाही, हे या गावाने ओळखले, ही गोष्ट लहान नव्हे.

याच काळात ली मूरहाउस नावाचे एक गृहस्थ गावात होते. ते काही वर्षे राखीव प्रदेशावर सरकारी अधिकारी होते. पण जग त्यांना ओळखते ते हौशी छायाचित्रकार म्हणून. काचेच्या पट्ट्यांवर त्यांनी सुमारे नऊ हजार छायाचित्रे घेतली. त्या काळचे मेळे, माणसे, घोडे आज आपल्याला दिसतात ते बरेचसे त्यांच्या कॅमेऱ्यामुळे. उत्सवाला जसा खजिनदार लागतो, तसा आठवण जपणाराही लागतो. पुष्कळ मंडळे पहिला नेमतात आणि दुसऱ्याला विसरतात.

चौथे नाव टिल टेलर यांचे. ते जिल्ह्याचे शेरीफ होते. आपल्याकडे मुंबईत शेरीफ म्हणजे मानाचे, शोभेचे पद म्हणून ओळखले गेले. अमेरिकेतील शेरीफ मात्र लोकांनी निवडून दिलेला पोलीस अंमलदार असतो. गुन्हेगार पकडणे आणि तुरुंग सांभाळणे ही त्याची कामे. एकदा पाहिलेला चेहरा टेलर कधी विसरत नसत, अशी त्यांची ख्याती होती. रॅली यांच्यामागून अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. परंतु त्यांची खरी ओळख अध्यक्ष होण्यापूर्वीच, 1911 च्या मेळ्यात, लोकांना पटली. ती हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

त्या वर्षी उधळ्या घोड्यांवरील स्वारीच्या अंतिम फेरीत तीन स्वार उरले होते. जॉन स्पेन हे गोरे. जॉर्ज फ्लेचर हे कृष्णवर्णी. आणि जॅक्सन सनडाउन हे नेझ पर्स जमातीचे. सनडाउन यांना पडावे लागले आणि ते बाद झाले. उरलेल्या दोघांत फ्लेचर यांची स्वारी सरस झाली, असे प्रेक्षकांपैकी बहुतेकांचे मत होते. घोड्याच्या प्रत्येक उसळीबरोबर त्यांचे अंग असे सैल हाले की जणू स्वार आणि घोडा एकच प्राणी आहे. पंचांनी मात्र पहिला क्रमांक स्पेन यांना दिला, आणि बक्षिसाचे मौल्यवान खोगीर त्यांच्याकडे गेले. फ्लेचर यांचा रंग आड आला, हे लोकांनी ताडले. गर्दीत खळबळ उडाली.

अशा प्रसंगी व्यवस्थापकाने काय करावे? पंचांचा निर्णय फिरवावा, तर नियम मोडतो आणि पुढे कोणताच निकाल टिकणार नाही. गप्प बसावे, तर अन्यायावर शिक्कामोर्तब होते. टेलर यांनी तिसरी वाट काढली. त्यांनी फ्लेचर यांची टोपी मागून घेतली, तिचे बारीक बारीक तुकडे केले आणि ते प्रेक्षकांना विकले. लोकांनी टोपीचा तुकडा म्हणून नव्हे, तर आपले मत म्हणून तो विकत घेतला. जमलेली मोठी रक्कम फ्लेचर यांच्या हाती पडली आणि 'लोकांचा विजेता' ही पदवी त्यांना कायमची चिकटली. शंभर वर्षांनंतर, 2014 मध्ये, पेंडलटनच्या मुख्य रस्त्यावर त्यांचा कांस्य पुतळा उभा राहिला. सनडाउन यांनीही धीर सोडला नाही. 1916 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी हीच स्पर्धा जिंकली आणि बक्षिसाच्या खोगिरावर आपल्या पत्नीचे नाव घालण्यास सांगितले.

टेलर यांना पगार होता तो शेरीफपदाचा, मेळ्याचा नव्हे. माझ्या मते त्यांच्या कृतीचे वजन यातच आहे. ज्याला मेळ्यापासून काही मिळवावयाचे नाही, त्याला मेळ्याची चूक मान्य करण्याची भीती वाटत नाही. बिनपगारी कामाचा गौरव आपण 'त्याग' म्हणून करतो. मला वाटते, त्याचा खरा लाभ त्यागाहून निराळा आहे. अशा माणसाची जीभ मोकळी राहते.

25 जुलै 1920 रोजी तुरुंग फोडून पळणाऱ्या कैद्यांनी टेलर यांना गोळी घालून ठार केले. गावाने त्यांच्यासाठी उद्यान केले आणि 1929 मध्ये तेथे त्यांचा अश्वारूढ पुतळा बसविला. संस्था मात्र पुतळ्यापाशी थांबली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांवरच मेळा होता, तो भरला. 15 ऑगस्ट 1940 रोजी लाकडी प्रेक्षागाराला आग लागून त्याचा मोठा भाग भस्मसात झाला. मेळ्याला महिनाच उरला होता. तरी गाव कामाला लागले आणि सप्टेंबरात घोडे रिंगणात उतरले. दुसऱ्या महायुद्धात 1942 व 1943 ही दोन वर्षे आणि महामारीमुळे 2020 चे वर्ष सोडले, तर अलीकडच्या काळात खंड पडला नाही. आजही संचालक विनावेतन काम करतात. प्रत्येकाकडे एकेक खाते असते. कोणी घोडे-गुरांचे पाहतो, कोणी तिकिटांचे, कोणी मूळनिवासींच्या तंबूंचे, तर कोणी मिरवणुकीचे. या मिरवणुकीत मोटारीला मज्जाव आहे; घोडे, बैल, खेचरे आणि त्यांनी ओढलेल्या गाड्या एवढेच चालते. त्यांच्या हाताखाली शेकडो स्वयंसेवक राबतात. मेळा सप्टेंबरात आठवडाभर. बैठका मात्र वर्षभर.

येथवर वाचून कोणाला वाटेल की बिनपगारी कारभार म्हणजे सर्व दुखण्यांवर रामबाण औषध. तसे नाही. याच पेंडलटनच्या इतिहासात दुसरे एक पान आहे, आणि ते झाकून ठेवणे बरे नव्हे.

प्रारंभीच्या काळात स्त्रियाही उधळ्या घोड्यांवर स्वारी करीत. बॉनी मॅक्कॅरोल या त्यांपैकी नामांकित होत्या. 1929 च्या मेळ्यात त्यांचा घोडा कोलमडला. त्या काळी स्त्रियांच्या रिकिबी घोड्याच्या पोटाखालून एकमेकींना बांधून टाकण्याचा प्रघात होता. स्वारी सोपी व्हावी, हा हेतू. पण पडताना पाय सुटत नसे. मॅक्कॅरोल यांचा पाय अडकला, त्या फरफटत गेल्या, आणि काही दिवसांनी त्यांचा अंत झाला. गाव हळहळले. संचालकांनी निर्णय घेतला की यापुढे स्त्रियांची ही स्वारी बंद.

निर्णयामागे दुष्टावा नव्हता, दया होती. परंतु ही दया कशी होती पाहा. पुरुष स्वारही रोडिओत मरत होते. त्यांची स्वारी कोणी बंद केली नाही. रिकिबी बांधण्याची रीत धोक्याची होती, तर ती रीत बंद करता आली असती. तसे न होता बायकाच बंद झाल्या. ज्या मंडळाने हे ठरविले त्यात वकील होते, व्यापारी होते, शेतकरी होते. स्त्री एकही नव्हती. घोड्यावरून पडलेल्या बाईला काय हवे होते, हे विचारावयाचे कोणाला? मंडळातील माणसे भली होती यात शंका नाही. परंतु बैठकीत जिला जागा नाही, तिच्या वतीने भला माणूसही चुकू शकतो.

इतर ठिकाणीही थोड्याफार फरकाने हेच घडत गेले. कित्येक रोडिओंत स्त्रियांना बोलावीत ते शोभेसाठी. पोशाख कसा, घोडा किती देखणा, यावर गुण देत. ज्या मुली घरच्या कुरणांवर बापभावांच्या बरोबरीने गुरे राखीत, त्यांना हे कसे रुचावे? 1947 मध्ये टेक्सास राज्यातील अमरिलो येथे नॅन्सी बिनफर्ड आणि थेना मे फार या दोघींनी केवळ स्त्रियांचा रोडिओ भरवून दाखविला. दोघीही गुरांच्या कुरणांवर वाढलेल्या. पुढल्याच वर्षी, 1948 च्या फेब्रुवारीत, त्याच राज्यातील सॅन अँजेलो येथे अडतीस स्त्रिया एकत्र आल्या आणि त्यांनी 'गर्ल्स रोडिओ असोसिएशन' स्थापन केली. पहिल्या अध्यक्षा मार्गारेट ओवेन्स याही कसलेल्या स्वार होत्या. मांडलेल्या पिंपांना वळसे घालून घोडा दौडविण्याच्या शर्यतीतील पहिले अजिंक्यपद त्यांनीच मिळविले. पहिल्या वर्षी 74 सभासद झाल्या आणि 60 स्पर्धांना संस्थेची मान्यता मिळाली. स्त्रियांच्या स्पर्धेला लिखित नियम हवेत आणि निकाल कौशल्यावर लागावा, पोशाखावर नव्हे, एवढीच त्यांची मागणी. 1981 मध्ये या संस्थेने आपले नाव बदलून त्यातील 'गर्ल्स' काढले आणि 'विमेन्स' व 'प्रोफेशनल' हे शब्द घातले. पेंडलटनच्या रिंगणात पिंपांची ही शर्यत सुरू व्हावयास 2000 साल उजाडले. मॅक्कॅरोल यांच्या मृत्यूला तेव्हा एकाहत्तर वर्षे झाली होती.

दोन्ही संस्थांचे पुढारी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एक फरक डोळ्यांत भरतो. पेंडलटनच्या धुरीणांनी आपापला धंदा मेळ्याच्या कामी आणला. वकिलाने कायदा, गिरणीवाल्याने ओळख, शेरीफने धाक आणि विश्वास. सॅन अँजेलोच्या स्त्रियांनी आणले ते आपले गाऱ्हाणे, आणि ते गाऱ्हाणे रडगाणे न होऊ देता त्याचे नियम केले. संस्थेला दोन्हींची गरज असते. केवळ कर्त्या माणसांची संस्था उत्सव उत्तम करते, पण आपल्या चुका तिला दिसत नाहीत. केवळ गाऱ्हाण्यांची संस्था चुका दाखविते, पण मांडव उभा राहत नाही.

आणखी एक गाऱ्हाणे राहिलेच. ते मुक्या जनावरांचे. त्यांना मंडळात खुर्ची मिळण्याचा संभव नाही. म्हणून त्यांच्या वतीने बोलणारे लोक अमेरिकेतही आहेत आणि रोडिओच नको असे म्हणणारेही आहेत. आज व्यावसायिक रोडिओत पशुवैद्य हजर असावा लागतो आणि जनावरांना इजा करणाऱ्या साधनांवर निर्बंध आहेत. तेवढ्याने टीकाकारांचे समाधान झालेले नाही. ते होऊ नये हेच बरे. पाहणारा डोळा उघडा राहिला, म्हणजे हात सावध राहतो.

'गाव करील ते राव काय करील' अशी आपल्याकडे म्हण आहे. पेंडलटनची कथा तिला दुजोरा देणारीच आहे. सात हजारांचा पहिला मेळा, जळालेल्या प्रेक्षागारानंतरचा महिना, टोपीचे तुकडे, ही सारी गावाची करणी. तथापि म्हण उच्चारताना आपण एक प्रश्न विचारीत नाही. गाव म्हणजे कोण? मूळनिवासी शेजारी गावात मोजले गेले, म्हणून मेळ्याला रंग चढला. फ्लेचर यांना पंचांनी मोजले नाही, लोकांनी मोजले. स्त्रियांना मोजावयाचे राहून गेले, आणि ती चूक सुधारण्यास सात दशके लागली.

वाचकांपैकी पुष्कळजण कोठल्या ना कोठल्या मंडळाचे कार्यकर्ते असतील. परमुलखात राहणारे आपल्या महाराष्ट्र मंडळाचे, कोणी उत्सवाचे, कोणी वाचनालयाचे. वर्गणी, मांडव, हिशेब यांच्या धबडग्यात त्यांना उसंत नसते, हे ठाऊक आहे. तरी पुढील बैठकीच्या आरंभी, चहा येण्यापूर्वी, त्यांनी एकदा सभोवार नजर टाकावी आणि आलेल्यांऐवजी न आलेल्यांची हजेरी घ्यावी. राबणारे हात कोणाचे आहेत, आणि ठरावावर सह्या कोणाच्या आहेत? दोन्ही याद्या जुळत असतील तर आनंदच आहे. जुळत नसतील, तर आणखी एक खुर्ची मांडावयास फारसा खर्च येत नाही.